‘आईबद्दल राग आठवला तर पाप लागतं का, मॅडम?’

आई-वडील गेल्यावर हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला कोणी ना कोणी येतंच. शब्द वेगळे असतात, कोणी वर्षश्राद्धाच्या तोंडावर येतं. ही ताई आली ती आईच्या स्मरण-उपासनेला तीन आठवडे उरले असताना. (तिला विचारून लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

आई सोलापुरातल्या एका चर्चमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ संडे स्कूल, म्हणजे रविवारी मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवायचा वर्ग, घ्यायची. वडील गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा तिनेच कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून घर रेटलं. बुधवारी बायकांची प्रार्थनासभा असायची. मंडळीत कुणाकडे मयत झाली की त्या घरी पहिला चहा हिचा पोचायचा. पुण्याला जाताना केडगाव स्टेशन आलं की डब्यातल्या अनोळखी पोरांनासुद्धा ऐकवायची, ‘इथं पंडिता रमाबाईंनी अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या!’

अशा बाईबद्दल थोरल्या लेकीने दहा मिनिटं बोलावं, असं चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलेलं. तिच्या कागदावर एकच ओळ होती : ‘आमची आई प्रार्थनेची स्त्री होती.’

“पुढं काही सुचतच नाही. आठवतो तो रागच आठवतो.”

कसला राग? बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, “मी सात वर्षांची होते. 103 ताप. रविवार होता. आईनं शेजारच्या मावशींना माझ्याजवळ बसवलं अन् वर्गाला निघून गेली. ‘लेकरं वाट बघत असतील’ म्हणाली. मग मी कोण होते, मॅडम?”

मोबाईलवर तिने दुःखाच्या पाच पायऱ्या वाचल्या होत्या आणि आपण रागाच्या पायरीवर अडकलोय, असं स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्या पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. जिना चढावा तसं एकामागून एक कोणी दुःख करत नाही, हे तिला सांगितलं. झोप, जेवण, नोकरी नीट चालू होती. वर्ष होत आलं तरी माणूस अंथरूण सोडत नाही, गेलेल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही किंवा जगणंच नको म्हणतो, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. इथे तसं नव्हतं.

मला वाटलं, अडचण रागाची नाहीच, कौतुकाची आहे. अकरा महिने भेटेल तो माणूस तिला एका संतबाईबद्दल सांगत होता. त्या बाईत तिला आपली आई सापडत नव्हती, आणि सापडायची ती नेमकी तापाच्या दिवशीची. मी म्हटलं, “पुढच्या वेळी आईची अशी एखादी वस्तू आणा, जी चर्चमध्ये कोणी मांडणार नाही.”

तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत बायबलमधल्या गोष्टींची कागदी चित्रं : योनाचा मासा, मोशे, पाच-सहा मेंढरं. मागे पॉलिशपेपरचे तुकडे डकवलेले, म्हणजे फ्लॅनेलच्या फळ्यावर लावलं की चित्र पडत नाही. “हे शनिवारी रात्री मी कापायचे. आई भाकरी थापता थापता गोष्ट सांगायची अन् मी मध्येच चुकीचं चित्र पुढं केलं की पिठाच्या हातानं टपली.” मासा तिने उलटा करून पाहिला. कात्री वाकडी गेलेली, शेपटी अर्धीच. “हा मीच बिघडवला. तीस वर्षं हाच वापरला बाईनं.”

मग तिने हळूच विचारलं, रडलं तर चालेल का. सगळे म्हणत होते, आई प्रभूमध्ये झोपी गेली, रडायचं कशाला. मी ख्रिस्ती नाही, शास्त्रातलं तिला काय सांगणार? म्हणून उलट विचारलं, “आई काय म्हणाली असती?”

ती एकदम हसली. वर्गात ज्याचं पाठांतर झालेलं नसायचं, तो उठून सगळ्यांत छोटं वचन ठोकून द्यायचा : ‘येशू रडला.’ आई त्याला बसू द्यायची नाही. “का रडला ते सांग, मग बस.” मेलेल्या लाजराला आपण पुन्हा उठवणार हे ठाऊक असूनही मित्राच्या कबरेपाशी तो रडला, इतकं सांगेपर्यंत पोरगं उभं.

हे सांगता सांगताच तिचा बांध फुटला. टिश्यूचा डबा पुढे सरकवण्यापलीकडे मी काही केलं नाही.

उपासनेनंतर एकदा येऊन गेली. तापाचं सांगितलं का, म्हणून मी विचारलं. सांगितलं होतं. चर्चमध्ये सगळे गप्प झाले. मग मागच्या बाकावरून त्याच शेजारच्या मावशी, आता ऐंशीच्या, मोठ्यानं म्हणाल्या, “होय की! कपाळावर घड्या मीच ठेवल्या. अन् तिला दारातच चांगली झापली होती मी.” पाळकसाहेबांसकट सगळे हसले.

राग गेला का, हे मी विचारलं नाही. तिनेही पुढची वेळ मागितली नाही. पत्र्याचा डबा मात्र माझ्या टेबलावर विसरून गेली. दोन दिवसांनी धाकटी बहीण तो न्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, “मासा आहे ना आत?”