गूळ घट्ट, मग 'द्रव' कोण?

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.एस्सी. करते. गुळातल्या साखरा आम्ही एचपीएलसीवर (हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) तपासतो. 'लिक्विड क्रोमॅटोग्राफी'ला पुस्तकात 'द्रव वर्णलेखन' म्हटलंय. पण ढेप काही द्रव नाही आणि यंत्रात रंगही दिसत नाहीत. शब्द चुकलाय का?

उत्तर : शब्द बरोबर आहे, तो तोडून लिहिल्यामुळे घोटाळा होतो. 'द्रव' सुटा दिसला की विशेषण वाटतो आणि नमुनाच द्रव असणार असं आपण धरून चालतो. खरं तर तो शब्द कॉलममधून, म्हणजे यंत्रातल्या नळीतून, पंप जे ढकलतो त्याच्याविषयी आहे. त्याला चल प्रावस्था म्हणजे मोबाइल फेज म्हणतात. तिथे वायू वाहता असेल तर ते वायुवर्णलेखन, मग तपासायचं पेट्रोल का असेना.

म्हणून 'द्रववर्णलेखन' असं जोडून लिहावं. विग्रह : द्रव वापरून केलेलं वर्णलेखन. मध्यमपदलोपी समास, आपल्या गुळांब्यासारखा. गूळ घालून केलेला आंबा तो गुळांबा. तिथे आंबा गुळाचा आहे असं कुणी समजत नाही.

महाद्वार रोडवर देवळाकडून चौघी एकदम निघाल्या, तरी प्रत्येक साडीच्या दुकानाशी थांबणारी शेवटीच बाहेर पडते. कॉलमातही तेच. आत साधारण ३ ते ५ मायक्रोमीटरचे कण ठासून भरलेले असतात, ती स्थिर प्रावस्था. ज्या रेणूला तिची ओढ जास्त, तो मागे रेंगाळतो. अमिनो कॉलमवर अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक आणि पाणी सोडलंत तर आधी फ्रुक्टोज, मग ग्लुकोज, शेवटी सुक्रोज. साखरा अतिनील प्रकाश फारसा शोषत नाहीत, म्हणून डिटेक्टर बहुधा अपवर्तनांकातला, म्हणजे द्रवात शिरताना प्रकाश किती वळतो त्यातला, फरक टिपतो.

राहिला 'वर्ण'. मराठीत तो अक्षरही असल्यामुळे 'वर्णलेखन' नवख्याला शुद्धलेखनाचा भाऊ वाटतो, ही अडचण मला मान्य आहे. ग्रीक 'क्रोमा' म्हणजे रंग, 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला, तेव्हा हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले, त्यावरून हे नाव. रशियन भाषेत 'त्स्वेत'चा अर्थही रंगच! पण रंगहीन संयुगांनाही हाच नियम लागू पडेल, असं त्यांनी १९०६ मध्येच लिहून ठेवलं होतं. तुमची साखर त्यात आली.