थोरल्याच्या घराचा वरचा मजला

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"वय ५४. कुंडईला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, हातात ५८ हजार येतात. चार वर्षांनी निवृत्ती. माझी १५ लाखांची ठेव पुढच्या महिन्यात पिकते. बँकेतल्या मॅडमनी विम्याची एक हमीची योजना दाखवली: वर्षाला ३ लाख, असे पाच वर्षं भरायचे आणि बाराव्या वर्षाच्या शेवटी २५ लाख नक्की. मुलगा म्हणतो म्युच्युअल फंडात टाका, १५ टक्के सुटतात, ताईच्या लग्नापर्यंत दुप्पट होतील. मुलगी २४ वर्षांची आहे. दोन्हींपैकी काय करू? फॉर्मवर सही केली आहे, चेक अजून दिलेला नाही.

घरावर मजला चढवला, त्यासाठी १४ लाखांचं, पाच वर्षांचं पर्सनल लोन काढलं. हप्ता ३२ हजार, आठ हप्ते झाले. जवळचेही ८ लाख गेले. घर बाबांच्या नावावर असल्यामुळे होम लोन मिळालं नाही, पण घरपट्टी मीच भरतो आणि घर थोरल्याचं असं बाबा जाण्यापूर्वी सगळ्यांसमोर म्हणाले होते. आता फरशी आणि खिडक्यांना आणखी ४ लाख लागतील. २०१२ पर्यंत खाणीवर माझे दोन टिप्पर होते, गावात नाव होतं. धाकटा दुबईला असतो, त्याने पर्वरीला बंगला बांधला. गणपतीच्या चवथीला आम्ही पाचही भावंडं या घरात जमतो. थोरला म्हणून घर शोभायला नको का? लोनचं व्याज किती ते बायकोला सांगितलेलं नाही, उगाच काळजी करील."

दादा, चेक देऊ नका. म्युच्युअल फंडातही टाकू नका.

पंधराचे पंचवीस ऐकायला बरे वाटतात. पण तुमचा रुपया सरासरी दहा वर्षं अडकतो, आणि दहा वर्षांत पंधराचे पंचवीस म्हणजे वर्षाला सव्वापाच टक्के. तुमची साधी ठेव ७ टक्के देते. म्हणजे आज जे मिळतंय त्याहून कमी मिळवण्यासाठी तुम्ही ६६ व्या वर्षापर्यंत थांबणार, आणि मध्येच पैसे लागले तर भरलेल्यातलेही कापून मिळणार. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसापुढे हा कागद सरकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांनी तुमच्या डोक्यावर कर्ज किती हेसुद्धा विचारलं नाही. चेक गेलाच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. तसा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

मुलाला सांगा, १५ टक्के कोणी लिहून देत नाही. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता, मार्चमध्ये २६ हजारांवर आला. लग्नाचा हॉल मार्चमध्ये ठरवायचा असता तर काय केलं असतं? चार-पाच वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवायचा नसतो. वीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या पहिल्या पगारातून जरूर एसआयपी करावी.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पत्राच्या दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही जे सहज लिहून गेलात, त्याने माझी झोप उडाली.

आधी कर्ज. १४ लाख, पाच वर्षं, ३२ हजार हप्ता, म्हणजे व्याज साधारण १३ टक्के. आठ हप्ते भरूनही अजून साडेबारा लाखांच्या वर बाकी आहे. पुढच्या ५२ हप्त्यांत तुम्ही साडेसोळा लाख भराल, त्यातले चार लाख निव्वळ व्याज. आणि इकडे ७ टक्क्यांनी १५ लाख ठेवलेले! एका खिशात ७ टक्के येतात, दुसऱ्यातून १३ जातात. ठेव पिकली की त्याच दिवशी कर्ज बंद करा. दोन ते चार टक्के आकार मागतील, तो बँकेकडून लेखी घ्या. ५० हजार गेले तरी तुम्ही फायद्यात आहात. हातात दीड-दोन लाख उरतील, ते बाजूला ठेवून द्या, अडीअडचणीला लागतील. मग तेच ३२ हजार दर महिन्याला रिकरिंगमध्ये घाला. चार वर्षांत, म्हणजे निवृत्तीच्या सुमारास, साडेसतरा लाख होतील.

आता घर. तुमच्या बँकेने होम लोन नाकारलं, तेव्हा तिने तुम्हाला फुकटात सगळ्यात मोलाचा सल्ला दिला होता: हे घर तुमचं नाही. तुम्ही तो न ऐकता जास्त व्याजाचं कर्ज काढलंत.

घरपट्टी भरल्याने मालकी येत नाही. पंचायत घरपट्टी कोणाकडूनही घेते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नुसतं नाव चढलं तरी तेवढ्याने हक्क सिद्ध होत नाही, तुमचं तर तिथेही नाही. बाबांचं तोंडी बोलणं कायद्याच्या दारात उभं राहत नाही. आणि समजा त्यांनी मृत्युपत्र लिहिलं असतं, तरी? गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची अर्धी-अर्धी. हे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेलं आहे. बाबांचं अर्धं घर, त्यातलंही अर्धं मुलांसाठी राखीव. उरला चौथा हिस्सा. तेवढाच ते तुम्हाला एकट्याला लिहून देऊ शकले असते, आणि आईने स्वतःचा चौथा हिस्सा वेगळा लिहायला हवा होता. थोरल्याला जास्त असं आपल्या कायद्यात कुठेही नाही. मुलीही सारख्याच वारस.

आईचं नाव पत्रात कुठे आलं नाही, म्हणून त्याही गेल्या असं धरून चालते. तुम्ही पाच भावंडं, म्हणजे तुमचा वाटा एक पंचमांश. मजल्यावर घातलेल्या २२ लाखांपैकी साडेसतरा लाख तुम्ही इतर चौघांच्या वाट्यावर घातले आहेत. उद्या प्रकरण इन्व्हेंटरीला, म्हणजे कोर्टातल्या वारसांच्या वाटणीला गेलं आणि एकमत झालं नाही तर वारसांमध्येच घराची बोली लागते. जो जास्त बोलेल तो घर घेतो आणि बाकीच्यांना पैसे देतो. दुबईचा भाऊ वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या खोलीत तो बोली लावू शकतो, तुम्ही नाही. मजल्याचा खर्च मला मिळावा असं तुम्हाला मागता येईल, पण तो तुम्हाला सिद्ध करावा लागेल. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी, सगळ्या पावत्या आजच एका डब्यात घाला. परवानगी कशाची घेतली होती, दुरुस्तीची की बांधकामाची, तो कागदही त्यातच.

आता टिप्परविषयी बोलते, कारण माझ्या मते हा मजला तिथून उभा राहिला आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. त्या वर्षांत मी डिचोली-सत्तरीतल्या पुष्कळ घरांत हिशेब घेऊन बसले आहे. दारात टिप्पर गंजत उभा, टायरांत पावसाचं पाणी, आणि आत घरधनी मला सांगतोय की पुढच्या मोसमात सगळं सुरळीत होईल. ज्याच्याकडे काल गाव उसने मागायला येत होतं, त्याने चाळिशीत दुसऱ्याच्या कारखान्यात हजेरीचं कार्ड लावायचं, हे सोपं नव्हतं. तुम्ही ते केलंत. मुलांना शिकवलंत आणि नोकरीच्या पगारातून १५ लाख बाजूला टाकलेत. ज्या माणसाने हे केलं त्याची किंमत गावाला कळावी म्हणून वरच्या मजल्याला फरशी लागत नाही. धाकट्याच्या बंगल्याशी तुलना तुम्हीच करता आहात. त्याने ती केल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.

पर्वरीचा बंगला त्याच्या स्वतःच्या कागदांवर उभा आहे. तुमचा मजला भावंडांच्या भरवशावर.

म्हणून तो भरवसा आधी कागदावर आणा. वारसांचा दस्त करून घ्या, मग पाच जणांचं एकमत असेल तर वाटणीचा दस्त. मालमत्तेचं काम करणारा चांगला वकील गाठा. भावांच्या बायका आणि बहिणींचे नवरे यांच्याही सह्या लागतात, कारण अर्धा हक्क त्यांचा. दुबईच्या भावाला मुखत्यारपत्र करावं लागेल.

आणि बहिणींची सही चवथीला घेऊ नका.

हे मी का सांगते? मी स्वतः अशी सही केलेली बहीण आहे. नेवऱ्या तळायला घेतल्या होत्या. भावाने बाहेरून हाक मारली, "जरा ये गो, एक कागद आहे." हाताला पीठ होतं, ते पदराला पुसलं. कागद सोप्यावर ठेवला होता, वर गणपतीसाठी टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीतून एक सुपारी सुटून त्यावर पडलेली. मी ती उचलली, सही केली आणि परत चुलीपाशी गेले. नवऱ्यानेही केली. पुढच्या आठवड्यात सब-रजिस्ट्रारकडे जाऊन आलो. घरात वीस माणसं जमलेली असताना माहेरच्या कागदाला नाही कोण म्हणणार? भावाने फसवलं असं मला आजही वाटत नाही. पण मला कोणी विचारलंच नाही, ते वीस वर्षं गेलं नाही. चवथीला मी अजून जाते, मात्र मुक्कामाला राहत नाही.

तुमच्या बहिणींना आधी फोन करा. शक्य असेल तर त्यांच्या घरी जाऊन बसा, आणि आकडा घेऊन जा. घराची आजची किंमत मूल्यांकन करणाऱ्याकडून काढून घ्या, मजल्याचा खर्च वेगळा मांडा, आणि तुमचा वाटा मी इतका समजतो, चार वर्षांत हप्त्याने देईन, असं म्हणा. कदाचित त्या नको म्हणतील. तसं झालं तर तो त्यांचा निर्णय असेल. घ्यायचं म्हणाल्या तर रिकरिंगचे साडेसतरा लाख त्यासाठी आहेत. भावांना घराऐवजी जमिनीचा दुसरा तुकडा चालतो का तेही विचारा.

मग लग्नाला काय उरतं? फारसं नाही. मुलगी चोवीस वर्षांची आहे, तिला समोर बसवून हे पत्र वाचायला द्या. देवळात लग्न आणि दोनशे माणसांचं जेवण तिला पुरेल की नाही हे तिने सांगावं. तुम्ही, मुलगा आणि मी मिळून ठरवायची ही गोष्ट नाही.

बायकोपासून व्याज लपवू नका. तुम्ही "माझी ठेव" लिहिलंत, त्यातले साडेसात लाख तिचे आहेत. गोव्यातल्या अशा जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे ठेवीचं व्याज, भाडं, आयकरासाठीही दोघांत अर्धं-अर्धं धरतात. तुमचा रिटर्न भरणारा तसं करतो का ते बघा. पुष्कळ जण सगळं व्याज नवऱ्याच्याच नावावर दाखवतात.

फरशीचे ४ लाख आता नाहीत. पाऊस आत येऊ नये एवढंच करा: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि खिडक्यांना साधे पत्रे. चाळीस-पन्नास हजारांत भागेल. गणपती खाली राजांगणाशेजारी बसतो, वरच्या मजल्यावर नाही.

आणि उद्याच बँकेत जाऊन ठेवीची पावती दाखवा. तिच्यावर आपोआप नूतनीकरण अशी खूण असली तर ती काढायला सांगा. नाहीतर पैसे पुन्हा अडकतील, मोडायला गेलात तर व्याज कापतील, आणि १३ टक्के तोवर चालूच राहतील.