अंग बाहेर येणं, अंगावरून जाणं, अंगावर काढणं

प्रश्न असा आलाय की, सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करणारी एक मुलगी खेड्यातल्या बायकांच्या आरोग्यावर मराठीत प्रश्नावली करतेय. कोशात तिला ‘गर्भाशयभ्रंश’ (गर्भाशय जागेवरून खाली उतरणं) सापडला पण गावातली आशाताई म्हणाली की असं कोणाला कळणार नाही, ‘अंग बाहेर येतं का’ असं विचारा. तर हे शुद्ध मराठी आहे का, ‘अंगावर जाणं’ आणि ‘अंगावरून जाणं’ एकच का, आणि ‘अंगावर काढणं’ याच्याशी जोडलेलं आहे का.

आशाताईचं बरोबर आहे, अगदी शंभर टक्के. अंग म्हणजे शरीर हा अर्थ सगळ्यांना माहीत असतो पण बायकांच्या बोलण्यात अंग (बऱ्याच भागात आंग) म्हणजे तो अवयव ज्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि ही काही अशुद्ध भाषा नाही, पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं केलेल्या सुइणींची आणि आज्यांची ही नेमकी भाषा आहे. फक्त एक लक्षात ठेव, लहान पोरांना जुलाबाने किंवा फार कुंथल्याने गुदद्वार बाहेर येतं त्यालाही ‘आंग बाहेर येणं’च म्हणतात. त्यामुळे बाईने हो म्हटलं की पुढचा प्रश्न हवाच, पाळी येते त्या जागेतून का शौचाच्या? हे विचारलं नाहीस तर दोन वेगळे आजार एकाच रकान्यात जाऊन बसतील.

आता ‘जाणं’. ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘अंगावर पांढरं जातं’ दोन्ही चालतं, अर्थ एकच. मी स्वतः ‘वरून’ घेईन कारण ‘अंगावर जाणं’ म्हणजे भांडायला धावून जाणं असाही अर्थ होतो. यातली गंमत अशी की बाई बऱ्याचदा पांढरं, लाल हे शब्दही गाळते आणि नुसतं ‘जातंय खूप’ म्हणते, काय जातंय ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. नेहमीच्या पाळीला पाळीच म्हणतात किंवा कावळा शिवला, बाहेरची झाली वगैरे, पण ‘लाल जातंय’ म्हटलं की ते नेहमीपेक्षा जास्त किंवा अवेळी आहे असं समजून पुढे विचारायचं.

‘अंगावर काढणं’ मात्र वेगळ्या घरचं. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, म्हणजे औषधपाणी न करता सोसला. इथे अंग म्हणजे साधं शरीर, आणि काढणं मला तरी ‘दिवस काढले’, ‘रात्र काढली’ मधलंच वाटतं, बाहेर काढण्याशी काही संबंध नाही.

व्याकरणात संबंध नसला तरी तुझ्या विषयात तो आहे, आणि मोठा आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली, तो अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा किमान एक तरी प्रकार निघाला, सरासरी एकेका बाईला 3.6 आजार, आणि त्याआधी अशी तपासणी नि उपचार झालेल्या बायका किती तर फक्त 8 टक्के! तोपर्यंत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं एवढंच सरकारदरबारी मोजलं जायचं, गरोदर नसलेल्या बाईच्या दुखण्याला रकानाच नव्हता. अंगावर काढणं म्हणजे काय ते या दोन आकड्यांइतकं स्पष्ट मी कुठल्याच कोशात वाचलेलं नाही.

याच अभ्यासातली अजून एक गोष्ट तुझ्या कामाची. 55 टक्के बायकांनी तक्रार सांगितली आणि 45 टक्क्यांनी काहीच लक्षण सांगितलं नाही, तरी तपासणीत आजार निघालेल्या एकूण 92 टक्के. म्हणजे शब्द कितीही चांगले निवडलेस तरी नुसत्या प्रश्नावलीवरून आजार मोजता येणार नाहीत, तपासणी लागणारच. शब्दांनी होतं एवढंच की ज्या बाईला सांगायचंय तिचं सांगणं वाया जात नाही, आणि माझ्या मते हेही थोडं नाही.

म्हणून ‘काही आजार आहे का’ असं विचारू नकोस, कारण पांढरं जाणं, कंबर धरणं याला पुष्कळ बायका आजार म्हणतच नाहीत, उष्णता झाली म्हणतात नाहीतर बाईच्या जातीला हे असायचंच म्हणतात. ‘तुम्हाला गर्भाशयभ्रंश आहे का’ याच्या जागी असं काहीतरी लिही: ‘खोकलं, जड उचललं किंवा उकिडवं बसलं की खालून अंग बाहेर आल्यासारखं, हाताला काही लागल्यासारखं वाटतं का?’ अहवालात कंसात गर्भाशयभ्रंश खुशाल लिही, तिथे तो शोभतो.

आणि हो, ‘पिशवी’ विसरू नकोस. ऑपरेशनचा विषय निघाला की गर्भाशयाला पिशवीच म्हणतात, बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न 2019 साली गाजला तोही ‘पिशवी काढण्याचा’ म्हणूनच. तेव्हा ‘पिशवी काढली आहे का’ हा प्रश्न आधी घे आणि अंग बाहेर येण्याचा त्याच्या नंतर, आणि काढली असेल तरी तो गाळू नकोस, कारण पिशवी काढल्यावरही योनीचा भाग खाली उतरू शकतो. तुझं गाव गडचिरोलीकडचं असेल तर तिथल्या कितीतरी बायकांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया आहे, त्यांच्यासाठी ही मराठी प्रश्नावली भाषांतर करून वापरू नको, त्यांचे शब्द त्यांच्यातल्याच एखाद्या वयस्क सुइणीकडून घे.