कॅज्युअल्टी तुंबते कशामुळे?

धाप लागली म्हणून वडिलांना रात्री सरकारी रुग्णालयात नेलं आणि वॉर्डात बेड मिळेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, तोवर ते कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरच होते, असं तुम्ही लिहिलंय. सर्दी-खोकल्याचे लोक उगाच येऊन गर्दी करतात म्हणून असं होतं का, हा तुमचा प्रश्न. मी बरीच वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत इन्चार्ज सिस्टर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्दी-खोकलावाले येतात, पण त्यांना बेड लागत नाही. केसपेपर, गोळ्या, की चालले घरी. जागा अडते ती ॲडमिट झालेल्या पेशंटची. कागदावर ते मेडिसिन वॉर्डात असतात, प्रत्यक्षात आमच्याकडेच पडून, कारण वर बेड रिकामा नसतो. मोरी तुंबलेली असताना नळाला दोष देऊन काय उपयोग?

वरचा बेड का सुटत नाही ते बघा. राउंड संपेस्तोवर अकरा-बारा वाजतात. मग इंटर्न डिस्चार्ज कार्ड लिहायला बसणार, पेशंट महात्मा फुले योजनेतला (मोफत उपचारांची सरकारी योजना) असेल तर त्याचे कागद, मग नातेवाईक रिक्षा शोधणार. गादी रिकामी व्हायला दुपारचे तीन. रविवारी तर डिस्चार्ज जवळजवळ होतच नाहीत, त्यामुळे सोमवार म्हणजे आमची परीक्षाच. अमावस्येला पेशंट घरी न्यायचा नाही म्हणणारेही असतात (हसू नका, दर महिन्याला दोन-तीन घरं तरी भेटायची). आणि ज्यांना न्यायला कोणीच येत नाही, ते बेवारस पेशंट बेडवर महिनोन्महिने.

याचा फटका रस्त्यापर्यंत बसतो. 108 चा ड्रायव्हर दर थोड्या वेळाने आत डोकावून विचारायचा, ‘सिस्टर, आमचं स्ट्रेचर सुटलं का?’ पेशंट अजून त्याच्याच स्ट्रेचरवर. स्ट्रेचर नाही तर गाडी हलणार कशी? तेवढा वेळ त्या भागात कोणी कोसळलं तर गाडी लांबून येणार.

हे फक्त आपल्याकडे नाही. इंग्लंडने 2004 मध्ये ठरवलं की कॅज्युअल्टीत आलेले 98 टक्के पेशंट चार तासांत मार्गी लागले पाहिजेत, म्हणजे वॉर्डात तरी किंवा घरी तरी. 2010 मध्ये ते 95 टक्क्यांवर आणलं, आणि तेही गेली कित्येक वर्षं पाळलं गेलेलं नाही. तिथेही पेशंट कॉरिडॉरमध्ये असतात.

आपल्या सुप्रीम कोर्टाने तर 1996 मध्येच यावर बोट ठेवलं होतं. बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, आणि सरकारी रुग्णालयं एकामागून एक ‘बेड नाही’ म्हणत राहिली. कोर्टाने त्याला 25 हजारांची भरपाई दिलीच, शिवाय कुठे बेड रिकामा आहे हे एका ठिकाणी कळेल अशी यंत्रणा उभारा, असंही सांगितलं. मला विचाराल तर नव्या इमारतीच्या कोनशिलेआधी हे करायला हवं.

पुन्हा वेळ आली तर एवढं करा. त्रास कधी सुरू झाला ते घड्याळाच्या वेळेसकट सांगा. अर्धांगवायूत तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. ताटकळत असाल तर तासा-तासाने बीपी आणि ऑक्सिजन पुन्हा बघायला सांगा, आणि पेशंट जास्त धापा टाकायला लागला तर रांगेचा विचार न करता सिस्टरला हाक मारा. बेड कधी मिळेल म्हणून कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरशी भांडू नका, ते त्याच्या हातात नसतं. ज्या युनिटखाली, म्हणजे डॉक्टरांच्या ज्या टीमखाली ॲडमिट केलंय, त्याच्या रेसिडेंटला (निवासी डॉक्टरला) गाठा.