वडिलांच्या पश्चात त्यांची बंदूक ओळखीच्या माणसाला विकायची आहे, स्टॅम्पपेपरवर विक्रीखत केलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील चार महिन्यांपूर्वी गेले, त्यांच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी आणि डझनभर काडतुसं घरच्या कपाटात आहेत. शेजारच्या गावातला एक बागायतदार घ्यायला तयार आहे आणि त्याच्याकडे परवाना आहे. तेव्हा नोटरीकडे विक्रीखत करून व्यवहार मिटेल का, बहिणीची सही लागेल का आणि विसार घेतला तर चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

विक्रीखतानं काही मिटणार नाही. उलट विनापरवाना बंदूक तुमच्या ताब्यात होती आणि ती तुम्ही दुसऱ्याला दिली, एवढंच त्या कागदावरून तुमच्याच सहीनिशी सिद्ध होईल. पण त्याहीआधी, बंदूक अजून कपाटात आहे हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण नेमकी हीच चूक मी केली होती.

आमचं घर कोकणात. आंबा-काजूची बाग आणि वर डोंगराला लागून थोडी भातशेती. रानडुकरं आणि वानरं यांच्यासाठी बाबांनी शेतीसंरक्षणाचा परवाना काढला होता. ते गेल्यावर दिवसकार्य, बँक, सातबारा यांत मी गुंतलो आणि बंदूक माळ्यावर राहून गेली. बाबांचा परवाना अजून दोन वर्षं चालू आहे, म्हणजे तोवर घाई नाही, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा होता. परवाना माणसाला असतो, घराला नाही. बाबा गेले त्या दिवसापासून ती बंदूक ठेवण्याचा हक्क आमच्या घरात कुणालाच उरला नव्हता.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्ये लिहिलंय, की कोणत्याही कारणानं शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, तर ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. काडतुसंही त्यातच आली. परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. बेकायदा विक्री किंवा हस्तांतराला तर किमान सात वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. ओळखीतला, गावातला व्यवहार म्हणून आपण जे सहज करून बसतो, त्याला कायदा कोणत्या नजरेनं बघतो हे कळावं म्हणून लिहितोय.

तर उद्याच्या उद्या पोलीस ठाण्यात फोन करा. बंदूक पिशवीत घालून स्वतः दुचाकीवरून निघू नका, कारण ती घेऊन फिरायचाही परवाना तुमच्याकडे नाही. मी ठाणे अंमलदारांना सगळं सांगितलं. चार महिने उशीर झाल्याबद्दल त्यांनी मला चांगलंच सुनावलं, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी हवालदार घरी आले. पोलीस पाटलांसमोर त्यांनी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, काडतुसं मोजली, मूळ परवाना घेतला आणि मला सहीशिक्क्याची पावती दिली. त्या पावतीवर बंदूक कोणत्या कारखान्याची, तिचा बोअर (नळीचं माप), नळीवरचा नंबर आणि काडतुसांची संख्या हे सगळं आहे का, ते तिथेच ताडून बघा. पुढचा प्रत्येक अर्ज या पावतीच्या आधारानं होणार आहे.

आता तुम्हाला वाटेल, एकदा जमा केली की गेली. तसं नाही. त्याच कलम २१ मध्ये पुढे सोय आहे, की जमा करणारा, आणि तो हयात नसेल तर त्याचे वारस, ते शस्त्र बाळगायला पात्र असलेल्या माणसाला विकू शकतात आणि विक्रीचे पैसे वारसांनाच मिळतात. म्हणजे तुमच्या स्वतःच्या नावावर परवाना नसला तरी विक्री होते. फक्त त्या सगळ्या काळात बंदूक तुमच्या हातात नसते. ती ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीत असते आणि तिथूनच खरेदीदाराच्या हातात जाते. मात्र नियमांत ठरवून दिलेल्या मुदतीत परत घेतली नाही की विल्हेवाटही लावली नाही, तर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. म्हणून जमा करून निवांत बसायचं नाही.

विकण्याची पद्धत कलम ५ मध्ये आहे. खाजगी माणूस स्वतःच्या वापराचं शस्त्र, विक्रेत्याचा परवाना नसतानाही, दुसऱ्या पात्र माणसाला विकू शकतो. पण त्याआधी दोन गोष्टी व्हाव्या लागतात. कोणतं शस्त्र आणि किती काडतुसं, कुणाला विकायची आहेत, त्याचं नाव-पत्ता काय, हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. या दिवसांत पोलीस खरेदीदाराची माहिती काढतात. मी पत्र दोन्हीकडे दिलं, ठाण्यातही आणि जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेतही, आणि दोन्ही ठिकाणी माझ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घेतला. ४५ दिवस मोजायचे ते या शिक्क्यापासून. ‘साहेबांना तोंडी सांगितलंय’ या वाक्याला इथे काडीची किंमत नाही. मुदत संपल्यावर कुणी काही बोललं नाही म्हणजे झालं, असंही मी धरलं नाही. शाखेत जाऊन लेखी परवानगी हातात पडेपर्यंत थांबलो. तुम्ही आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल, पुणे, नागपूर, मुंबई वगैरे, तर जिल्हाधिकारी कार्यालयाऐवजी पोलीस आयुक्तांच्या परवाना विभागात जावं लागेल.

‘त्याच्याकडे परवाना आहे’ या तुमच्या वाक्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ व्यवहार इथेच अडतात. त्या बागायतदाराला मूळ परवाना दाखवायला सांगा आणि शांतपणे वाचा. मुदत कधी संपते? नव्या नियमानं परवाना पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन वर्षांचा असे. त्यावर कोणत्या प्रकारचं शस्त्र लिहिलंय? रिव्हॉल्व्हरच्या मंजुरीवर बारा बोअर घेता येत नाही. शस्त्राची जागा रिकामी आहे की आधीच भरलीय? २०१९ पर्यंत एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. आधीच दोन असतील तर तुमची तिसरी त्याला मिळणार नाही, मग तो कितीही जवळचा असो. खरेदीची मुदत शिल्लक आहे का, हेही परवान्यावरच असतं. आणि तो दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर दोन्ही जिल्ह्यांच्या शाखांचा पत्रव्यवहार व्हावा लागतो, त्यात वेळ जातो. हे विचारायला संकोच वाटतो, माहीत आहे. आमचा खरेदीदार बाबांचा मित्रच होता, मी त्यांना काका म्हणतो. मी परवाना मागितल्यावर ते जराही रागावले नाहीत. म्हणाले, “कागद सरळ असले तर मी घेतंय, नायतर नको.” असा माणूस मिळाला तर व्यवहार निम्मा झाला. जो म्हणेल की बंदूक आधी दे, कागद मागून बघू, त्याच्याशी व्यवहार करूच नका. एकवीस वर्षांखालच्या माणसाला किंवा ज्याला शस्त्र बाळगायची मनाई आहे हे आपल्याला ठाऊक आहे किंवा तसं मानायला कारण आहे, त्याला विकणं हा विकणाऱ्याचाच गुन्हा ठरतो.

आमचं काम अडलं ते वेगळ्याच कारणानं. परवान्याच्या पुस्तकात बंदुकीचा जो नंबर होता त्यात शेवटून दुसरा आकडा १ होता, आणि नळीवर स्पष्ट ७. जुनं पुस्तक फाटलं तेव्हा नव्यात हातानं नोंद उतरवताना कुणाची तरी चूक झाली होती आणि प्रत्येक नूतनीकरणाला तीच पुढे चालत आली. कागदावर मी एक बंदूक विकत होतो आणि ठाण्यात दुसरीच जमा होती. अर्ज परत आला. सगळं रीतसर करूनही आपल्यावरच संशय आल्यासारखं वाटतं, तो काळ मला फार जड गेला.

वाट सापडली ती बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की ते बंदूक ठाण्यात जमा करत आणि निकालानंतर सोडवून आणत. त्या प्रत्येक वेळच्या पावत्या त्यांनी सुतळीत बांधून ठेवल्या होत्या. ठाण्यातल्या माणसानं नंबर दरवेळी नळीवरूनच वाचून लिहिला होता, त्यामुळे वीस वर्षांच्या पावत्यांवर सातच होता. त्या पावत्यांच्या प्रती, हवालदारांचा तपासणी अहवाल आणि माझं प्रतिज्ञापत्र एवढं जोडल्यावर नोंद दुरुस्त झाली. त्यात अडीच महिने गेले. म्हणून सांगतो, अर्ज लिहिण्याआधी परवान्यावरचा नंबर आणि जमा पावतीवरचा नंबर, जो नळीवरून वाचलेला असेल, हे दोन्ही एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. घरातले जुने कागद, मूळ खरेदीची पावती, नूतनीकरणाची चलनं यातलं काहीही टाकू नका.

नंबरच नसेल किंवा घासून गेला असेल तर प्रकरण आणखी नाजूक असतं. ओळख पटवणारा नंबर किंवा कारखान्याची खूण नसलेली बंदूक विकायलाच कलम ८ मध्ये मनाई आहे. तुमची कारखान्यातली एकनळी आहे, तिला ही अडचण येऊ नये. पण आमच्याकडे गावोगावी ठासणीच्या जुन्या बंदुका आहेत, त्यांचे ठसे पार झिजलेले असतात. अशांनी आधी परवाना शाखेला कळवावं, नंबर स्वतः कोरून घेऊ नये. आणि ‘मोडकी आहे, तिला कसला परवाना’ हे तर कुणाचंही ऐकू नका. दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा, फक्त जुनी वस्तू म्हणून उरलेल्या हत्यारालाच कायद्यातून सूट आहे. घोडा बदलला की चालेल अशी बंदूक कायद्याच्या दृष्टीनं बंदूकच.

बहिणीची सही लागेल. बंदूक ही वडिलांची मालमत्ता आहे, त्यात सगळ्या वारसांचा वाटा आहे. आम्ही मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, आई आणि धाकट्या भावाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र आणि सर्वांच्या वतीनं मी व्यवहार करण्याचं संमतीपत्र असं जोडलं होतं. भाऊ मुंबईला असल्यामुळे त्याच्या कागदाला तीन आठवडे लागले, तेव्हा बहीण परगावी असेल तर हे काम आधी सुरू करा. सही घेण्याआधी तिला एकदा मनापासून विचाराही. बंदूक घरात राहावी असं तिला किंवा तुम्हाला वाटत असेल तर तोही रस्ता आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला त्याच शस्त्रासाठी परवाना मिळू शकतो. त्यासाठी स्वतंत्र अर्ज, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, पोलीस चौकशी हे सगळं असतं. (ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी: वय सत्तर झालं किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की परवानाधारक स्वतःच वारस सुचवू शकतो. बाबांच्या हयातीत मला हे माहीत असतं तर त्यांच्या हातूनच मी ही बंदूक घेतली असती.)

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. काकांच्या परवान्यावर बंदुकीची नोंद आधी झाली होती, ती दाखवल्यावर नोंदवहीत दोघांच्या सह्या झाल्या आणि बंदूक व काडतुसं थेट त्यांच्या हाती गेली. काडतुसं त्यांच्या परवान्यावरच्या मर्यादेत बसतात का, तेही तेव्हाच पाहिलं गेलं. पण हे झालं तरी आपलं काम संपत नाही. वडिलांचा परवाना रद्द झाल्याचं आणि त्यांच्या युनिक क्रमांकाखालून, म्हणजे यूआयएनखालून, बंदुकीची नोंद संगणकात निघाल्याचं पत्र मागून घ्या. ते राहिलं तर पुढच्या निवडणुकीला जमा करण्याची नोटीस पुन्हा वडिलांच्याच नावानं घरी येईल, आणि ती आईच्या हाती पडलेली बघणं कठीण जातं.

विसाराचं म्हणाल तर मी घेतला नव्हता, तुम्हीही घेऊ नका. परवानगी नाकारली गेली तर पैसे परत करण्यावरून संबंध बिघडतात, आणि पैसे आधी घेतले म्हणजे व्यवहार आधीच झाला, असा अर्थ कुणी काढू शकतो. ठरलेली किंमत सूचनेच्या पत्रातच लिहा, आणि पैसे परवानगी आल्यावर, बँकेतून, बंदूक सुपूर्द होते त्याच दिवशी घ्या. सहा महिने थांबायची तयारी नसेल तर जवळच्या शहरातल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला विचारा. किंमत बरीच कमी सांगतील, पण खरेदीदाराची शोधाशोध आणि त्याच्या परवान्याची काळजी तुमच्या डोक्यावर राहणार नाही. ठाण्याच्या फोनमध्ये काही अडलं, किंवा पत्राचा मसुदा हवा असेल, तर इथेच खाली लिहा. माझ्या पत्राची प्रत नावं झाकून टाकतो.