रिअ‍ॅक्टर डीसीएसवर (प्लांट चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेवर) चालतो, मग शटडाउनसाठी वेगळी यंत्रणा कशाला?

वेगळीच लागते, कारण शटडाउनची वेळ येते तेव्हा बिघडलेली गोष्ट अनेकदा कंट्रोल लूपच (मोजणारा सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) असते. समजा, तापमान मोजून कंट्रोलरला कळवणारा ट्रान्समीटर ८० अंशांवर अडकला. कंट्रोलर निवांत, आणि त्याच ट्रान्समीटरवर ट्रिप, म्हणजे आपोआप शटडाउन, लावली असेल तर तीही निवांत; आत मात्र रिअ‍ॅक्शन तापत चाललेली. म्हणून शटडाउनसाठी सेन्सर, लॉजिक (ट्रिप कधी करायची हे ठरवणारा भाग) आणि व्हॉल्व्ह हे तिन्ही वेगळे ठेवतात. अशा सुरक्षा यंत्रणांसाठीच्या आयईसी ६१५११ या आंतरराष्ट्रीय मानकाचा रोखही तोच आहे. काही सामायिक ठेवायचंच असेल तर ते का चालेल हे विश्लेषणातून दाखवावं लागतं. लॉजिक चालवणारा लॉजिक सॉल्व्हर महागडा घ्यायचा आणि व्हॉल्व्ह मात्र कंट्रोलचाच वापरायचा, ही काटकसर मला सगळ्यात वाईट वाटते. अडकतो तो बहुधा व्हॉल्व्हच.

पण वेगळी यंत्रणा नुसती बसवून भागत नाही. डिसेंबर २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधन डेपोत टाकीतली पातळी दाखवणारा गेज अडकला होता, तरी टाकी जास्त भरली तर भरणं थांबवणारा स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच होताच. तोही चालला नाही, कारण त्याच्या चाचणीच्या लिव्हरला कुलूप लावलेलं नव्हतं; लिव्हर योग्य जागी धरून ठेवायला ते कुलूप लागायचं. त्यामुळे प्रूफ टेस्ट (यंत्रणा गरजेच्या वेळी चालेल ना, याची ठरावीक काळाने घ्यायची चाचणी) पुढे ढकलू नका, आणि टेस्टनंतर सगळं पूर्ववत झालंय का हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.