वाचकांचे प्रश्न : पुरात टॉवर चालवायला किती हायड्रोजन न्यावा?

प्रश्न : आपत्तीच्या ठिकाणी ट्रेलरवरून नेता येईल असा छोटा मोबाइल टॉवर आम्ही तयार करत आहोत. रेडिओ आणि उपग्रह जोडणी मिळून सरासरी 600 वॅट लागतात. डिझेलशिवाय 3 दिवस काढायचे आहेत. 2 किलोवॅटचे सौर पॅनल पुरतील का?

उत्तर : नुसत्या पॅनलवर विसंबू नका. 600 वॅटने दिवसाला 14.4 युनिट होतात. हे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला 8 युनिटच्या आसपास देतील, दाट ढगांत 1-2 मिळाले तरी पुष्कळ. आणि टॉवर लागतो तो नेमका अशाच दिवसांत. म्हणून ऊन शून्य धरूनच हिशेब मांडा.

3 दिवसांचे झाले 43 युनिट. 10 युनिटच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून 8 वापरता येतील, उरले 35. ते फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रातून, मिळवायचे. 50 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाला हायड्रोजन मावतो जेमतेम पाऊण किलो. फ्युएल सेलचा स्वतःचा खर्च वजा जाता त्यातून साधारण 11 युनिट हाती येतात. म्हणजे 4 सिलिंडर. पोलादी सिलिंडर रिकामाही 60 किलोच्या घरात जातो, तेव्हा ट्रेलरला एवढा भार झेपतो का ते आधी पाहा.

खरा घोळ होतो तो पुढे. फ्युएल सेल सुरू करायला वायूचा व्हॉल्व्ह, पंखे आणि कंट्रोल कार्डला वीज लागते, ती बॅटरीच पुरवते. बॅटरी 10 टक्क्यांवर उतरल्यावर सेल सुरू व्हावा असे ठरवले आणि पहिला प्रयत्न फसला, तर दुसऱ्यापुरती वीज उरेलच असे नाही. सिलिंडर भरलेले, तरी टॉवर बंद! 40 टक्क्यांना चालू, 80 ला बंद असे ठेवा. वरची 20 टक्के जागा पॅनलसाठी मोकळी राहते.

दुसरे, दूरसंचार यंत्रणा बहुधा उणे 48 व्होल्टवर चालते, म्हणजे तिचे धन टोक अर्थ केलेले असते. काही सौर चार्ज कंट्रोलरचे (पॅनलच्या विजेने बॅटरी भरणाऱ्या यंत्राचे) ऋण टोक मात्र आतून खोक्याला जोडलेले असते. दोन्ही ट्रेलरच्या एकाच लोखंडावर बसवले की थेट शॉर्ट. बसवण्यापूर्वी, काही जोडलेले नसताना, ऋण टोक आणि खोके यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून जोड आहे का ते पाहा.

प्रश्न : सिलिंडर बंद पेटीत ठेवले तर?

उत्तर : मुळीच नको. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के प्रमाणात असला तरी पेटतो, आणि हलका असल्याने छताखाली साचतो. झरोके आणि सेन्सर सर्वांत उंच जागी हवेत. ज्वाला दिवसा दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा नको. सिलिंडर बदलला की प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा, मगच सेल चालू करा.